जमिनीच्या पोटातला हिशोब

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की कोणी ना कोणी बातम्यांमधला प्रश्न काढतंच. या वेळचा प्रश्न होता, "कारखान्याचा धूर जमिनीत गाडणार म्हणे. उद्या तो वर आला तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज त्यावरच बोलू या.

गाडायचा आहे तो कार्बन डायऑक्साइड. कोळसा, डिझेल, सरपण काहीही जळलं की तो निघतो, आणि हवेत साठला की पृथ्वी तापते. हा वायू हवेपेक्षा जड. पडक्या विहिरीत उतरलेला माणूस गुदमरतो, तेव्हा बऱ्याचदा तळाशी हाच वायू साचलेला असतो. म्हणून घरातल्या कोणालाही अशा विहिरीत घाईनं उतरू देऊ नका. आणि म्हणूनच, जो वायू गाडायचा त्यावर पहारा हवा. पण इतक्या खोल पहारा ठेवायचा कसा?

नॉर्वे देशाचं बघा. तिथं समुद्रात स्लाइपनर नावाचं गॅसचं क्षेत्र आहे. गॅसबरोबर हा नको असलेला वायूही वर येतो. तो हवेत सोडला तर सरकारचा कर भरावा लागतो. म्हणून १९९६ पासून तो वेगळा काढून समुद्राखालच्या वालुकाश्मात भरू लागले. खोली सुमारे १००० मीटर. पुढची बरीच वर्षं दरसाल दहा लाख टनांच्या आसपास वायू आत गेला. त्या खडकाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी आहे, आणि वर चिकणमातीच्या खडकाचं जाड झाकण.

आपण माठ घेताना टिचकी मारतो. आवाजावरून कळतं, पक्का की तडकलेला. तिथंही तेच करतात. जहाजावरून पाण्यात दाबलेल्या हवेचा धक्का देतात. त्याचा आवाज खाली जातो, खडकांच्या थरांवर आपटून परत येतो, आणि जहाजामागच्या लांब केबलमधली यंत्रं तो टिपतात. वायू शिरलेल्या खडकातून आवाज हळू जातो, त्यामुळे ती जागा वेगळी उमटते.

यातली मोठी गोष्ट म्हणजे पहिली नोंद त्यांनी १९९४ मध्येच, वायू भरण्याच्या आधी घेतली होती. म्हणून १९९९ मध्ये पुन्हा ऐकलं, तेव्हा फरक कळला. वायू एकावर एक नऊ थरांत साचला होता, पण झाकणाखालीच होता.

दुसरी पद्धत वजनाची. खाऱ्या पाण्याच्या जागी हलका वायू आला, की तिथलं गुरुत्वाकर्षण अगदी किंचित कमी होतं. २००२ पासून समुद्रतळावर यंत्रं ठेवून तेही मोजलं. आपण गटाची वही बँकेच्या पासबुकाशी जुळवतो, तसंच हे.

आता अल्जीरियाचं वाळवंट. तिथं इन सालाह इथं २००४ पासून वायू भरत होते. उपग्रहानं आकाशातून जमीन मोजली, तर विहिरींच्या वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात होती. डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं. झाकणाच्या खडकाची शंका आली, आणि २०११ मध्ये वायू भरणं थांबवलं. पहारा होता, म्हणून वेळेवर थांबता आलं.

हे सगळं दूरच्या देशांतलं, मग आपल्याला काय, असं म्हणू नका. आइसलँडमध्ये हा वायू पाण्यात विरघळवून काळ्या बेसाल्ट खडकात सोडला, तर दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतेकाचा दगड झाला. आपला सह्याद्रीचा काळा कातळही बेसाल्टच आहे. या विषयावर मुंबईच्या आयआयटीत संशोधन केंद्र आहे. उद्या कोणी आपल्या शिवारात विचारायला आलं, तर आपल्यापाशी प्रश्न तयार हवेत.

पहिली नोंद वायू भरण्याआधी घेतली का? पुन्हा किती वर्षांनी मोजणार? आकडे ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवणार का? काम संपल्यावर पहारा कोण ठेवणार, आणि खर्च कोणाचा? आकडा बिघडला तर थांबवणार कोण?

मैत्रिणींनो, पन्नास रुपयांचा हिशोब आपण दर महिन्याला मोठ्यानं वाचतो. तसाच हाही वाचून घ्यायचा. तुमच्या गटात हे प्रश्न लिहून ठेवा, आणखी सुचले तर आम्हाला कळवा.