सरकारला संमती लागते, नवऱ्याला का नाही?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



फळ्यावर ‘युरोपातले बुद्धिवादी तत्त्वज्ञ आणि आधुनिक राज्यव्यवस्था’ असा विषय पाहून मागच्या दोघी-तिघींनी वही मिटली, ते मी पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना मीसुद्धा हा भाग परीक्षेपुरताच वाचला होता. त्यातली गोम कळली ती नंतर, सल्ला केंद्रात काम करताना. एक बाई अंगावरचे वळ घेऊन आली होती. आधी पोलीस ठाण्यात जाऊन आली होती. तिथे तिला सांगितलं, “हा तुमचा घरगुती मामला आहे.” ती मला म्हणाली, “ताई, सरपंच आवडला नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्याला मत देता येतं. ह्याचं काय करायचं?”

आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिल्मर नावाचा लेखक सांगत होता की राजा म्हणजे प्रजेचा बाप. बापाची सत्ता देवाने दिलेली, तशीच राजाची. त्याला जाब कोण विचारणार? १६८९ साली जॉन लॉकने याला उत्तर दिलं. बापाची सत्ता वेगळी आणि राज्याची वेगळी. माणसं जन्मतः मोकळी आणि समान आहेत. सरकार उभं राहतं ते लोकांच्या संमतीवर. त्यांचं जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळणं हे त्याचं काम. ते विश्वासघात करत असेल तर त्याला दूर करण्याचा हक्क लोकांना आहे.

पुढे १७४८ साली माँतेस्कियने सांगितलं की कायदा करणं, तो राबवणं आणि न्याय देणं ही तिन्ही कामं एकाच हातात गेली, तर स्वातंत्र्य उरत नाही. १७६२ साली रूसोने लोकच सार्वभौम आहेत असं मांडलं. विधिमंडळ, निवडणूक, स्वतंत्र न्यायालय, या आज आपल्याला सवयीच्या झालेल्या गोष्टींमागे हा विचार आहे.

पण हा विचार घराच्या उंबऱ्यापाशी आला की अडखळतो. नवऱ्याची सत्ता निरंकुश नाही, काही वेळा बायको वेगळी होऊ शकते, इथवर लॉक येतो. मात्र दोघांचं मत जुळलं नाही तर शेवटचा शब्द पुरुषाचा, कारण तो अधिक समर्थ, असंही तोच लिहितो. रूसो तर आणखी पुढे जातो. ज्या वर्षी त्याने लोकांच्या सार्वभौमत्वावर लिहिलं, त्याच वर्षीच्या ‘एमिल’मध्ये मुलीचं शिक्षण पुरुषाला सुखावण्यासाठी असावं असं सांगितलं.

माँतेस्कियची कसोटी आपण जरा घराला लावून पाहू. जेवण किती वाजता, माहेरी कधी, पैसे कुणाच्या हातात, हे नियम करणारा तोच. ते मोडले म्हणून हात उगारणारा तोच. आणि चूक कुणाची हे ठरवणाराही तोच! राज्यात याला आपण जुलूम म्हणतो. घरात याला संसार म्हणतात.

ही विसंगती त्या काळच्या बायकांनाही दिसली होती. लग्नावरच्या आपल्या पुस्तकाच्या १७०६ सालच्या आवृत्तीत मेरी ॲस्टेलने विचारलं की राज्यात अनियंत्रित सत्ता नको, तर कुटुंबात ती कशी चालते? उत्तर कुणी दिलं नाही. उलट १७३६ साली मॅथ्यू हेल या न्यायाधीशाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात म्हटलं होतं की लग्न करताना बायकोने शरीरसंबंधाला संमती दिलेली असते आणि ती तिला परत घेता येत नाही. म्हणजे सरकारला दिलेली संमती काढून घेता येते, नवऱ्याला दिलेली मात्र जन्मभराची.

फ्रान्समध्ये १७८९च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. तरी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानंतर मताचा हक्क पुरुषांनाच मिळाला, तोही सगळ्यांना नाही. १७९० साली काँदोर्सेने स्त्रियांच्या नागरिकत्वाची बाजू मांडली. १७९१ साली ऑलिंप द गूजने स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. स्त्रीला फासावर चढवता, तर तिला व्यासपीठावरही चढू द्या, असं तिचं म्हणणं होतं. १७९३च्या ऑक्टोबरअखेर बायकांच्या संघटनांवर बंदी आली आणि ३ नोव्हेंबरला तिचा शिरच्छेद झाला. फ्रेंच स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला १९४४ साल उजाडलं.

“हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध?” असं कुणी म्हणेल. संबंध दोन बाजूंनी आहे. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. पण स्वतः हक्कांविषयी लिहिताना ते नुसतं ‘मानव’ म्हणून थांबले नाहीत, ‘स्त्रीपुरुष’ असं आवर्जून लिहीत गेले. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. आणि प्रजासत्ताकाच्या पहिल्याच निवडणुकीपासून इथल्या बाईला पुरुषाबरोबरीने मत होतं.

दुसरी बाजू कटू आहे. हेलच्या मताचा वारसा १८६०च्या दंड संहितेतून आपल्याकडे आला. पत्नी अठरा वर्षांखालची नसेल, तर तिच्यावर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा अपवाद २०२३च्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवला. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने लैंगिक छळालाही हिंसा म्हटलं आणि संरक्षणाचा आदेश मिळण्याची सोय केली, हे आपण झगडून मिळवलेलं आहे. पण तो अपवाद अजून तसाच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या तत्त्वज्ञांना डोक्यावर घेऊ नका आणि ‘पाश्चात्त्य’ म्हणून फेकूनही देऊ नका. त्यांनी सत्तेला विचारलेला प्रश्न चोख होता. तो त्यांनी स्वतःच्या घरात विचारला नाही. तो आपण विचारायचा.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येकीने आठवून सांगा, तुमच्या वस्तीत, गावात ‘घरगुती मामला’ म्हणून कोणकोणत्या तक्रारी परत पाठवल्या गेल्या. फळ्यावर त्यांची यादी करू. मग पोलीस ठाण्यात, ग्रामसभेत त्या कशा मांडायच्या ते ठरवू. आणि हो, मिटलेल्या वह्या आता उघडा.