वाढ किती, पुरे किती?

वर्षाला ३ टक्के आर्थिक वाढ ऐकायला किरकोळ वाटते. पण चक्रवाढीच्या हिशेबाने अर्थव्यवस्था साधारण २४ वर्षांत दुप्पट होते आणि १०० वर्षांत सुमारे १९ पट. पृथ्वी मात्र तेवढीच राहते.

म्हणूनच अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी स्थिर अर्थव्यवस्थेचा आग्रह धरला. १९७७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे ते जागतिक बँकेतही होते. त्यांचे नियम तीन. जंगल, मासे जेवढे पुन्हा वाढतात तेवढेच वापरायचे. निसर्गाला पचेल तेवढाच कचरा आणि धूर सोडायचा. आणि कोळसा, तेल उपसताना पर्यायही त्याच वेगाने उभे करायचे.

पाण्यापुरता असाच विचार अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने केला. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, मग पिकं ठरवायची. शेतीला बोअरवेल नाही, उसाला परवानगी नाही. यातून गाव गरीब झालं नाही. उलट पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबं परतली.

स्थिर म्हणजे साचलेलं नव्हे. शिक्षण, आरोग्य, कौशल्य खुशाल वाढू द्या. मर्यादा हवी ती उपशाला.