अकरावीचे विज्ञान आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलीला विज्ञानशाखेकडे जायचे आहे. आता गणित ठेवायचे की सोडायचे? पेढे संपतात न संपतात तोच अर्ज भरायचा असतो, आणि मग कोणी वन्सं, कोणी शेजारीण सांगेल तसा निर्णय होऊन जातो. आज त्यासंबंधी चार शब्द सांगावेत असे मनात आहे.

आपल्या राज्यात १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली आणि पूर्वीच्या प्री-डिग्री, इंटर सायन्सच्या जागी अकरावी-बारावी आली. या दोन वर्षांत विज्ञानाचे मुख्य विषय चार : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित. खरी निवड असते ती शेवटच्या दोहोंत. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत जीवशास्त्र आहे, गणित नाही. अभियांत्रिकीच्या सीईटीत गणित आहे, जीवशास्त्र नाही. औषधनिर्माणशास्त्राला दोहोंपैकी एक चालते. शिवाय दोन्ही विषय ठेवता येतात, ही गोष्ट घाईत विसरली जाते.

हे विषय म्हणजे चार वेगळ्या खोल्या नव्हेत. रात्री आपण विरजण लावतो तेच पाहा. दूध निवून कोमट होते, हे भौतिकशास्त्र. विरजणातले सूक्ष्म जीव वाढू लागतात, हे जीवशास्त्र. ते दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि त्याने दुधातले प्रथिन घट्ट होते, हे रसायनशास्त्र. आणि गणित? एकाचे दोन, दोहोंचे चार, असे दहा वेळा दुप्पट झाले की १,०२४ होतात. वीस वेळा झाले की दहा लाखांवर जातात. चमचाभर विरजण पातेलेभर दुधाला पुरते ते यामुळेच!

तेव्हा मुलीचा ओढा जीवशास्त्राकडे असेल तर तिने गणित खुशाल सोडावे. परंतु ‘मुलींना गणित झेपत नाही’ म्हणून सोडू नये. कमला सोहोनी मुंबई विद्यापीठातून १९३३ साली भौतिक व रसायन घेऊन बी. एस्सी. झाल्या, तेव्हा बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. बाहेरच्यांनी घातलेली ती आडकाठी आपण घरातच घालावी काय?

मराठी शाळेतून गेलेल्या मुलीची अडचण पुष्कळदा विषयाची नसून भाषेची असते. काल ‘त्वरण’ म्हणून शिकलेली गोष्ट आज ‘अ‍ॅक्सिलरेशन’ होऊन समोर येते, आणि हुशार पोरही बावरते. अशा वेळी विषय बदलण्याआधी तिला सहा महिने द्यावेत. आज काय शिकलीस ते मला मराठीत सांग, असे संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणावे. आपल्याला सारे कळलेच पाहिजे असे नाही. सांगता सांगता ते तिचे तिलाच उलगडते.

आणखी एक. क्लासच्या धावपळीत प्रयोगशाळा चुकवू देऊ नका. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्रात शंभरांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. गुणांचे राहू द्या. स्वतःच्या हातांनी केलेले मुलगी विसरत नाही.

येत्या जूनमध्ये ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी आधी मुलीला विचारावे, एवढीच माझी विनंती.