हातात बांगड्या भरल्यात का?



गावात मोर्चाची बैठक असली आणि कुणी म्हणालं, "शांततेनं घेऊ," की मागून आवाज येतोच, "हातात बांगड्या भरल्यात का?" आम्ही गटांच्या कामासाठी वाडीवाडीवर फिरतो, तिथे बायकाही हेच बोलतात. "निवेदनं देऊन कोण ऐकतं हो? एक काच फुटली की साहेब धावत येतात." हे अगदीच खोटं नाही. साहेब येतात. पण पोलिसांची गाडी घेऊन येतात, आणि मग जमिनीचं बोलणं राहतं बाजूला, काच कुणी फोडली तेवढंच उरतं.

म्हणून आज चरीच्या संपाबद्दल बोलू. चरी हे गाव अलिबागजवळचं, आताच्या रायगड जिल्ह्यातलं. पण दुखणं आपलंच होतं, खोतीचं. खोत म्हणजे काय, हे आपल्या रत्नागिरीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. राबायचं कुळानं, पिकातला मोठा वाटा खोताच्या घरी, वर वेठबिगार. कुळाकडून कबुलायत लिहून घ्यायचे, आणि अंगठा उठवणाऱ्याला त्यातलं अक्षर वाचता येत नसे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा झाली. नारायण नागू पाटील पुढारी होते. पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायचीच नाही. कुणाला मारायचं नाही, कुणाची गंजी पेटवायची नाही. फक्त नांगर धरायचा नाही.

एका हंगामाची गोष्ट असती तर कुणीही निभावली असती. हा संप १९३९ पर्यंत चालला. विचार करा, मिरग लागलाय, पाऊस कोसळतोय, शेत समोर आहे आणि लावणीला उतरायचं नाही. तेही एकदा नव्हे, वर्षामागून वर्षं. घरात दाणा नाही. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकला, करवंदं विकली आणि पोटं भरली. आता तुम्हीच सांगा, मोळ्या कुणाच्या डोक्यावर असतील? करवंदांच्या जाळीत हात कुणाचे ओरबाडले असतील? पुढाऱ्यांची नावं इतिहासात राहिली, ती राहायलाच हवीत. चूल पेटती ठेवणाऱ्यांची नावं फलकावर लागत नाहीत. आम्हाला तरी वाटतं, संप टिकला तो त्या चुलीपाशी. बांगड्या भरलेल्या हातांनीच टिकवला.

खोताला मारलं असतं तर सरकार दुसऱ्या दिवशी खोताच्या पाठीशी उभं राहिलं असतं. इथे मारलं कुणालाच नाही, पण राबणारा नाही म्हटल्यावर खोताची मालकी नुसती कागदावर राहिली. कागद शिजवून खाता येत नाही.

सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. तरी विधेयक मंजूर झालं नाही. १९३९ मध्ये कूळ कायदा आला, आणि खोती कायद्यानं रद्द व्हायला १९४९ साल उजाडलं. सभेपासून सोळा वर्षं! अहिंसा स्वस्तात पडते, असं आम्ही मुळीच सांगणार नाही.

आता आपल्या राजापूर तालुक्याचं. प्रकल्प हवा की नको, हे आज बोलत नाही. आपल्या गटांत दोन्ही बाजूंच्या बायका एकाच सतरंजीवर बसतात. जैतापूरला कित्येक गावकरी मोबदल्याचा चेक न घेता ठाम बसले होते. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्याला पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, पोलिसांनी गोळीबार केला, एक मच्छीमार मेला. दुसऱ्या दिवशी एसटी गाड्या जाळल्या, रुग्णालयात तोडफोड झाली. चेक नाकारणाऱ्यांची बातमी मागे पडली. त्याच तालुक्यात नाणारच्या लोकांनी मोजणी अडवली, ग्रामसभेचे ठराव केले, मोर्चे काढले, आणि मार्च २०१९ मध्ये तिथल्या भूसंपादनाची अधिसूचना सरकारनं रद्द केली. निवडणूक तोंडावर होती, हेही खरं.

दगड मारणारा मारून मोकळा होतो. पुढं तारखेचं एसटी भाडं, वकिलाची फी, जामिनासाठी सातबारा, हे सगळं घरातून निघतं. गटाच्या वहीत असं कर्ज "घरखर्च" म्हणूनच लिहिलं जातं.

चरीच्या बायकांमागे बँकेचा हप्ता नव्हता, आपल्यामागे आहे. गाव आठ दिवस धरण्याला बसलं की मजुरी बुडते, हप्ता काही थांबत नाही. मग चौथ्या दिवशी घरातच सुरू होतं, "काय ते एकदाचं करून टाका." दगड बहुतेक तेव्हाच हातात येतो. बँकेचं आपल्या हातात नाही, पण अंतर्गत कर्जाचं आहे. पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या. अशा वेळी सदस्येचा हप्ता महिनाभर पुढे ढकलायचा का, आणि तिच्या पोरांचं दोन वेळचं जेवण कुणाकडे, ते ठरवा. ठरलं की वहीत ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. दोन्ही बाजूंच्या सदस्या असलेल्या गटांनी तर हे आताच, गावात सगळं शांत आहे तोवर, बोलून घ्या.