कर्करोग बरा झाला, आता हृदयाकडे पाहू

(नरखेड तालुक्यातील उपकारस्तुतीच्या सभेत दिलेले भाषण)



मार्काच्या शुभवर्तमानात याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. ती उठून चालू लागली, तेव्हा घरचे थक्क होऊन पाहत राहिले. प्रभूने मात्र तिला खायला देण्याची आठवण केली. चमत्कार झाला होता, पण काळजी घेणं संपलं नव्हतं. ते काम आता घरच्यांचं होतं.

आपल्या तालुक्यातले कर्करोगाचे रुग्ण नागपूरला जातात. कोणी तुकडोजी रुग्णालयात, कोणी मेडिकलमध्ये. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेमुळे गरिबालाही उपचार मिळतात. तुमच्या दानातून आपण गाडीभाडं देतो, डबा देतो, प्रार्थना करतो. शेवटचा शेक झाला की मंडळीत साक्ष होते, आणि त्या नावापुढे आपली वही मिटते.

जलालखेड्याकडच्या एका गोंड वस्तीतली बाई मला भेटली. सहा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले होते. ती म्हणाली, “कॅन्सर त गेला ताई, पण चालताना दम लागते.” घरच्यांना वाटलं, अशक्तपणा आहे. तिचं बीपी खूप वाढलेलं निघालं. नागपूरला इको केला, तर हृदय कमजोर झालेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध दिलं होतं, किती दिलं होतं? फाईल घरात पावसाने भिजून गेली होती. आज ती गोळ्या घेते. दम कमी झाला आहे, पण संत्र्याच्या तोडाईला जाता येत नाही. घरात एक मजुरी कमी झाली.

असं का होतं? ठिबकची नळी नवी असते तेव्हा लवचिक असते, वर्षानुवर्षं उन्हात राहिली की ताठ होते. आपल्या रक्तवाहिन्याही तशाच. निरोगी धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते, आकसते आणि रक्त पुढे ढकलते. ती ताठ झाली की बीपीचा वरचा आकडा चढतो, हृदयावर ताण येतो, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या बारीक नसांना मार बसतो. वय, मधुमेह, तंबाखू यांनी ही ताठरता येते. कर्करोगाची काही औषधं आणि शेक त्यात भर घालतात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतं, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. त्रास कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो. तोंडाच्या कर्करोगात मानेला शेक दिला असेल, तर मेंदूकडे जाणारी नस पुढे अरुंद होऊन लकवा मारण्याचा धोका वाढतो. विदर्भात खर्‍याने किती तोंडं नासवली, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कृपा करून याचा उलटा अर्थ काढू नका. ह्या भीतीने कोणीही कर्करोगाचे उपचार टाळू नयेत. ह्याच उपचारांनी जीव वाचतो. वाचलेला जीव सांभाळायचा आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. बरे झालेल्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर उपकेंद्रात नियमित तपासून घ्यावी. बीपी १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार आलं, तर डॉक्टरांकडे न्यावं आणि सुरू झालेली गोळी मनाने बंद करू नये. खर्रा सुटावा, जेवणात मीठ कमी व्हावं, झेपेल तेवढं चालणं व्हावं. आडवं झाल्यावर दम लागला, पायांना सूज आली, छातीत दुखलं, किंवा अचानक तोंड वाकडं झालं, तर झाडपाल्यात वेळ घालवू नये, लगेच दवाखाना गाठावा. आणि नव्या डॉक्टरला पहिल्यांदा सांगावं, माझा कर्करोग झालेला आहे.

तुमच्याकडे माझं मागणं लहान आहे. प्रत्येक वस्तीसाठी एक बीपीचं यंत्र, प्रत्येक रुग्णाच्या फाईलसाठी प्लास्टिकची जाड पिशवी, आणि वर्षातून एकदा नागपूरच्या तपासणीचं गाडीभाडं. मिटलेल्या वह्या पुन्हा उघडू या. ज्यांच्यासाठी आपण गुडघे टेकले, त्यांच्या दारात एकदा जाऊन विचारू या, दम तर लागत नाही ना?

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.