तान्ह्या बाळाचा कॅन्सर आणि डॉक्टर म्हणतात, "थांबूया"

आजचा विषय जरा जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका, कारण त्यात दिलासाही आहे.

समजा, सोनोग्राफीत महिनाभराच्या बाळाच्या मूत्रपिंडावर छोटी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, न्यूरोब्लास्टोमाची शक्यता आहे. म्हणजे कॅन्सर. आणि लगेच पुढे म्हणाले, "सध्या ऑपरेशन नको, लक्ष ठेवूया." घरच्यांना वाटणारच ना, की हे टाळाटाळ करतायत?

तर कारण ऐका. बाळ पोटात घडत असताना मज्जातंतू बनवणाऱ्या काही कच्च्या पेशी असतात. त्या नीट पिकल्या नाहीत तर गाठ होते, बऱ्याचदा मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. गंमत म्हणजे, तान्ह्या बाळांमधल्या अशा कितीतरी गाठी आपोआप विरून जातात.

हे नुसतं बोलणं नाही. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांखालची, अ‍ॅड्रिनलची लहान गाठ असलेली ८३ बाळं. त्यांच्यावर फक्त बारीक लक्ष ठेवलं. सुमारे ८१ टक्के बाळांना ऑपरेशन लागलंच नाही, आणि तीन वर्षांनी सगळी बाळं जिवंत होती.

आणखी एक प्रकार आहे. यात आजार यकृत, त्वचा, अस्थिमज्जेपर्यंत पसरलेला असतो, तरी तो बहुतेक बाळांत मागे हटतो. ऑड्री इव्हान्स आणि ज्युलिओ डँजिओ या डॉक्टरांनी १९७१ मध्ये त्याला 'फोर-एस' असं वेगळं नाव दिलं.

पण म्हणून निर्धास्त राहायचं का? अजिबात नाही. यकृत झपाट्याने फुगलं तर बाळाला श्वास घेता येत नाही, तेव्हा लगेच केमो द्यावी लागते. गाठीतल्या पेशींमध्ये 'मायसीएन' या जनुकाच्या खूप प्रती असतील, तर आजार आक्रमक असतो आणि उपचारही कडक लागतात.

म्हणजे लक्ष ठेवणं हेही उपचारच आहेत. ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी, लघवीची तपासणी. एकही तारीख चुकवायची नाही. आणि डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा: जोखीम कोणत्या गटातली आहे? पुढची तपासणी कधी? काय दिसलं तर रात्री-अपरात्रीही धावत यायचं?

बाळाचं पोट फुगलं, श्वास जोरात चालला, दूध पिणं थांबलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

ओळखीत कुणाच्या घरी हा प्रसंग असेल, तर हा भाग त्यांना जरूर पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!