आजारातलं सहजीवन



स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा तीव्र मानसिक आजार घरात आला की सगळं घर होरपळतं. आज मात्र मी फक्त नवरा-बायकोविषयी बोलणार आहे. आईनं मुलाला सांभाळलेलं असतं, आजारात ती पुन्हा सांभाळते. जोडीदाराचं तसं नसतं. ज्याच्याबरोबर घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, रुसवेफुगवे सगळं बरोबरीनं वाटून घेतलं, त्याच्याच गोळ्या मोजायची, त्याचं एटीएम कार्ड लपवायची वेळ येते. एक जण आजारी पडतो आणि दुसरा बघता बघता पहारेकरी होतो. नातं मोडतं ते बऱ्याचदा या पहाऱ्यामुळे.

कितीतरी घरांत गोळी चहातून नाहीतर आमटीतून दिली जाते. देणाऱ्याची हतबलता मला कळते. ‘मला काही झालेलं नाही’ हे रुग्ण हट्टानं म्हणत नसतो. आपण आजारी आहोत ही जाणीवच अनेकदा आजार पुसून टाकतो. पण जेवणात कुणीतरी विष कालवतंय असा ज्याला संशय आहे, त्याच्या जेवणात आपण खरोखरच काहीतरी कालवतो. ते एक ना एक दिवस कळतं आणि मग जोडीदारावरचा उरलासुरला विश्वास जातो. शिवाय लिथियम चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी तपासावी लागते, क्लोझापिनसाठी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. या गोष्टी चोरून होत नाहीत. काही औषधं महिन्यातून एकदा इंजेक्शननं घेता येतात, रोजची झटापट त्यानं टळते. डॉक्टरांना हे आपणहून विचारावं.

भ्रमाचंही असंच. ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात,’ असं आजारी बायको म्हणते. नवरा पुरावे देतो, खिडकी उघडून दाखवतो, शेवटी ओरडतो. पुराव्यानं भ्रम हटत नाही. वरवर ‘हो हो’ही म्हणू नये. ‘मला तसं काही दिसत नाही, पण तू घाबरली आहेस ना, मी इथंच बसतो,’ एवढं म्हणता येतं. हे नवऱ्याचं बोलणं झालं, पहारेकऱ्याचं नव्हे.

लंडनमध्ये संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला होता. ज्या घरांत सतत टीका आणि राग होता, किंवा काळजीपोटी पावलोपावली लुडबुड होती, तिथं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मात्र घरच्यांच्या वागण्यानं हा आजार जडतो असा याचा अर्थ मुळीच नाही. आणि टाकून कोण बोलतं? रात्रभर जागलेला, कुणाशीच बोलू न शकलेला माणूस. म्हणून शुभंकराची, म्हणजे सांभाळणाऱ्याची, झोप मी उपचारातच धरते. आठवड्यातून एक रात्र भावानं किंवा नणंदेनं घरी येऊन राहावं, हे निःसंकोच मागावं.

डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. आपल्या घरातलं दुखणं त्यांनी झाकून ठेवलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, शुभंकरांना एकमेकांशी बोलायला जागा मिळाली. २००४ साली याच आजारावर आलेल्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच उभे होते.

पण आपल्याकडे हा भार सारखा वाटला जात नाही. बायको आजारी पडली की तिला माहेरी पोहोचवतात. नवरा आजारी असेल तर बायकोनं निमूट सोसायचं, आणि लग्नाआधी हे लपवलं होतं का, असं विचारायचीही तिला चोरी. मला याचा राग येतो. निव्वळ स्किझोफ्रेनियाचं निदान घटस्फोटाला पुरेसं नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगितलं आहे. तरी एकही सुनावणी न होता बायका परत पाठवल्या जातात. त्याचबरोबर, मार खाऊन किंवा जिवाच्या भीतीनं कुणी वेगळं झालं, तर त्या व्यक्तीला दोष देऊ नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एक सोय आहे. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं तेही नेमू शकतो. बऱ्या दिवसांत दोघांनी शेजारी बसून हा कागद करावा. पैशाचे व्यवहार कुणी बघायचे, झोप उडायला लागली तर डॉक्टरांकडे कधी जायचं, हेही त्याच बैठकीत ठरवावं. मग कार्ड लपवावं लागत नाही. ते जोडीदाराकडे द्यायचं असं आजारी माणसानंच ठरवलेलं असतं.

जीव देण्याची भाषा आली, किंवा आवाज तसं करायला सांगतायत असं कळलं, तर मात्र थांबू नका. माणसाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालते. तिथं रुग्णानंच फोन करायला हवा असं नाही. सांभाळून थकलेल्या नवऱ्यानं किंवा बायकोनं, स्वतःसाठी केला तरी चालतो.